टेरी म्हणजे ओढलेलं

१२ ऑगस्ट, दुपार

प्रिय दादा,

सा. न. आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील. झाली ख्यालीखुशाली. आता ऐक, मला दम निघत नाही!

तुझी ठमी कारखान्यात नव्या मुलींना माग शिकवते! हसू नकोस. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "ताई, टॉवेलच्या या कापडाला टेरी का म्हणतात?" म्हटलं, उद्या सांगते. सुटी होताच वाचनालय गाठलं आणि जाडजूड शब्दकोश काढला. फ्रेंचमधल्या 'ओढलेलं' अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा, पण खात्री नाही, असं त्यात दिलंय. मी "सापडलं!" म्हणून अशी ओरडले की ग्रंथपालबाईंनी मला दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काय ऐट माझी! म्हटलं, "नावात ओढणं असेल, पण आपल्या मागावर कोणी काही ओढत नाही. खालच्या रुळावरचे उभे धागे ताठ, वरच्या रुळावरचे मुद्दाम सैल. आडवे धागे ठोकणारी फणी दोनदा थोडी अलीकडेच थांबते, तिसऱ्यांदा सगळं पुढे रेटते. मग सैल धागे फुगून त्यांचे लूप होतात. पाणी पितात ते तेच."

तीच मुलगी म्हणाली, "आणि वरचेही ताणले तर?"

"तर टॉवेल टकला," म्हणाले आणि मला तूच आठवलास.

दादा, तुझ्या मागावरचे ते टकले टॉवेल तुझ्यामुळे झाले नव्हते. मी तेव्हा कारखान्यात नवी होते. वरचे धागे लोंबताना दिसले, वाटलं तुझं लक्ष नाही, म्हणून त्या रुळाला एक वजन जास्त अडकवलं. चादरीवरची सुरकुतीसुद्धा खपवून न घेणारी मी! घोटाळा कळताच ते गुपचूप काढून घेतलं. आपल्या खात्याच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत तुला झापलं तेव्हा मूग गिळून उभी राहिले. तू नोकरी सोडलीस, घर सोडलंस. दोन वर्षं झाली. फार लाज वाटते रे.

आज सकाळी सगळ्या पाळीसमोर सांगून टाकलं. मास्तर "पोराला मी काय काय बोललो," एवढंच म्हणत राहिले. त्यांची चिठ्ठी सोबत आहे, तुझी जागा तुझीच आहे म्हणतात. जेवताना बाबांनाही सांगितलं. दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. घास खाली ठेवून म्हणाले, "त्याला कळवलंस का?"

म्हणून उष्ट्या ताटाशीच लिहायला बसलेय. माफ कर म्हणायला तोंड नाही मला. कान पीळ, पाठीत दोन धपाटे घाल, पण ते इथे घरी येऊन घाल.

तुझी गुन्हेगार,
ठमी