एका बेटाची हरकत

जिनिव्हा, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
रोटियाचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या आबाइआंग बेटावरचा फोनचा खांब पडल्यापासून जीव टांगणीला आहे. चर्चच्या फादरांच्या संगणकावर हे पत्र आलं की लगेच वाचून घ्या.

मंत्रिसाहेब इथे हवामान परिषदेला उतरताच आजारी पडले. ते इस्पितळात, आणि परिषदेत आपल्या किरिबास देशाच्या खुर्चीवर मी एकटी. काल एका बड्या देशाचे प्रतिनिधी मला कॉफीला घेऊन गेले. म्हणाले, बुडत्या बेटांना भरपाई देण्याचं कलम शेवटच्या बैठकीत मसुद्यातून काढलं जाईल, तेव्हा मी फक्त गप्प बसायचं. तेवढं केलं तर आपल्या गावाला समुद्राची भिंत बांधून मिळेल. बाकीच्या देशांतल्या बेटांना काही नाही.

इथे एका देशानं जरी हरकत घेतली तरी ठराव अडतो. नाहीतर आमच्यासारख्या चिमुकल्या देशांना कॉफी कोण पाजतो? मंत्रिसाहेब म्हणाले, गावाला विचार आणि तूच ठरव. बाबा, मला झोप नाही. लवकर कळवा.

तुमची,
रोटिया

---

आबाइआंग, ६ नोव्हेंबर

चि. रोटियास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मानेआबात, गावाच्या सभाघरात, सगळ्यांसमोर वाचलं. भरतीचं खारं पाणी कंदाच्या खड्ड्यांत शिरलंय. बवाबवाई सडून गेली, तिचा वास त्या सभेतही येत होता. तू लिहिलेलं बाकीच्या बेटांचं मी सांगायला गेलो, तर शेजारचा काबुरोरो म्हणाला की त्यांची काळजी त्यांच्या मुली घेतील, आपली मुलगी आपल्यासाठी पाठवली आहे.

गावाचं एकमत झालं, भिंत घे. माझंही मत तेच. तुझ्या वहिनीचे दिवस भरत आलेत आणि चुलीपर्यंत पाणी येतं. उगाच शहाणपणा करू नकोस.

तिकडे बर्फ पडतो म्हणे. पायांत मोजे घालत जा. माया आहेच.

तुझे बाबा

---

जिनिव्हा, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुमचा शब्द मोडला.

अध्यक्षांनी कलम काढलेला मसुदा भराभर वाचला, कुणाची हरकत आहे का विचारलं आणि हातोडा उचलला. माझ्या शेजारी दुसऱ्या एका बेटाची बाई बसली होती. तिला कुणी कॉफीला बोलावलं नव्हतं. ती खाली मान घालून नुसती बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि मी हरकतीसाठी देशाची पाटी उभी केली. म्हटलं, किरिबासची हरकत आहे, कलम काढू नका. माझं बोलणं संपायच्या आत तिची पाटी उभी राहिली, मग मागच्या रांगेतल्या आणखी काही.

कलम राहिलं. पण किती द्यायचं, कुणी द्यायचं, ते पुढच्या वर्षावर ढकललं. म्हणजे हाती आज काहीच नाही. ते प्रतिनिधी जाताना थांबून म्हणाले की भिंतीचा विषय संपला, आणि गावाला हे मीच कळवावं. म्हणून कळवते आहे.

वहिनीला सांभाळा. रागावलात तरी लिहा, एवढं मागणं.

रोटिया

---

आबाइआंग, २ डिसेंबर

चि. रोटियास,
आशीर्वाद.

उशिरा लिहितोय, कारण राग आला होता. अजून पुरता गेलेला नाही. तुझं पत्र मी मानेआबात वाचलं. वाचून झालं तेव्हा काबुरोरो उठून निघून गेला. त्याच्यामागून पुष्कळ जण गेले. आमच्याशी कुणी बोलेना.

वहिनी सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे.

पुढच्या मोठ्या भरतीत काबुरोरोचं घर गेलं. भिंत बांधायला वर्षं लागली असती, हे त्यालाही कळतं, पण तसं तो म्हणणार नाही. तो आणि त्याची बायको आता आपल्याकडे राहतात. जेवायला तो माझ्याकडे पाठ करून बसे. काल मासे साफ करता करता त्यानं विचारलं की रोटिया ज्यांच्यासाठी भांडली, त्या बेटांची नावं काय? तिथे बवाबवाई होते, की लोक नुसत्या मासळीवर राहतात? मला सांगता येईना. तेव्हा चिडून म्हणाला की मग मुलीला विचार की.

तर तेवढं लिही. तो रोज चर्चमध्ये जाऊन फादरांना विचारतो, पत्र आलं का म्हणून.

तुझे बाबा