तुमच्या भिंतीतला पाईप

बाळ्या,

गुडघा दाखवायला चाललोय, तुला उठवलं नाही. दहाला प्लंबर येईल. खालच्या बाथरूमचं त्याच्याशी तूच बोल.

ड्रेनेजला उतार फुटाला पाव इंच, जास्त नाही. जास्त दिला की पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. तो म्हणेल, "एवढं कोण बघतंय?" सांग त्याला, तीस वर्षं हेच काम केलेला म्हातारा बघतोय. चेंबरपर्यंत खडूने रेघ मारलीय, ती पुसू नका.

आता व्हेंटचा, म्हणजे ड्रेनेजमधली हवा वर सोडायचा पाईप. तो गच्चीपर्यंत न्यायचाच आहे. प्लंबर म्हणतो, मागच्या बाजूने बाहेरून नेऊ, कारण आतून नेला तर तुमच्या खोलीच्या भिंतीतून जाईल आणि मी खाली फ्लश केला की तुमच्या उशाशी आवाज येईल. त्याचं बरोबर आहे. तरी आतूनच घ्यायला सांग. सूनबाई नाक मुरडेल, तिची समजूत काढ.

जिन्यात पडलो म्हणून मला खाली हलवताय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत्ता शेजारच्या खोलीत मी नुसता खोकलो तरी तू "बाबा, पाणी देऊ?" म्हणून विचारतोस. खालचा खोकला वर पोचायचा नाही. तुझी आई असती तर हे लिहावं लागलं नसतं.

मी सहाला उठतो. पाईप वाजला की खुशाल कूस बदलून झोप. सात वाजले तरी वाजला नाही, तर मात्र खाली ये.

बाबा