आखूड दोर

बा त्री, ३ मार्च १९९७

ती. सौ. न्युंगताईस,
धाकट्या थामचा सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. पोटातल्या बाळालाही सांग, घट्ट धरून बस म्हणावं. लुआनच्या घरून होकार आला! म्हणजे जवळजवळ आला. त्याचे आईवडील हो म्हणाले, काका तर कधीचाच तयार होता. अडून बसली आहे ती एकटी त्याची आजी. आणि त्या घरात आजी नाही म्हणाली की कोंबडासुद्धा आरवत नाही म्हणे.

लुआनने लग्नानंतर इथेच, आपल्या घरी राहायचं ठरवलंय हे तुला माहीत आहेच. त्याचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान इथे, आणि आई गेल्यापासून बाबा एकटे. तर आजीचं म्हणणं असं की घरजावई व्हायचं तर होऊ दे, पण माझं पोर सा देकच्या गोड नदीवर वाढलंय, ते खाऱ्या मुलखात जाऊन खारं पाणी पिणार नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ती स्वतः सुपारीचं तबक घेऊन येणार आहे. चहा मी करायचा, आणि तो विहिरीच्या पाण्याचा. बाबा म्हणाले की पावसाचं पाणी रांजणात साठवलेलं आहे, आम्ही पाहुण्यांना त्याचाच चहा देतो. त्यावर तिचा निरोप आला की रांजणातलं पाणी पाहुण्याला, विहिरीचं जावयाला. चहा खारट लागला तर तबक न उघडताच परत जाईन.

आणि आपली विहीर! तुला आठवते ती गोड विहीर विसर. गेल्या वर्षभरात ती अशी बिघडली आहे की भात शिजवला तर मीठ घालावं लागत नाही, आणि साबण घासून घासून हात झिजतो पण फेस म्हणून येत नाही. बाबा म्हणतात, तुझी आई गेली आणि विहीर रुसली. मला हसूही येतं आणि रडूही. काहीतरी उपाय सांग, लवकर सांग. तू शेवयांच्या कारखान्यात दिवसभर पाण्यातच असतेस, तुला नाही कळणार तर कोणाला?

भाऊजींना नमस्कार. माझ्या लग्नाची काळजी तुझ्या पदरात टाकून मी मोकळी झाले आहे, तेव्हा पदर सांभाळ आणि माया ठेव.
तुझी,
थाम


मी थो, ८ मार्च १९९७

चि. थामला अनेक आशीर्वाद.

अगं बाई, तुझं पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण सुइणीला बोलवायला निघाली होती. अजून दोन महिने आहेत म्हणून तिला परत पाठवलं.

आजी भारी दिसते आहे! मला आवडली. तुझ्यासारख्या तोंडाळ मुलीला तशीच हवी.

आता ऐक. पाणी आधी चांगलं उकळ. मग तुरटी फिरव. लुआनला सांग, पिंपात कोळसा आणि रेती भरून गाळणी करून दे. सासरी येऊन राहायचंय तर आत्तापासून राबायला शिकू दे. आणि मुख्य म्हणजे बाबांना सांग, मी मागच्या वर्षीच्या सणाला पाठवलेला पंप आहे ना, त्याची नळी आणखी खाली सोडा. आमच्याकडे वरचं पाणी बाद आणि खालचं चांगलं असतं. जेवढं खोल तेवढं गोड.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर किटलीत गुपचूप रांजणातलं पाणी ओत. म्हातारीला काय कळतंय? सोन्यासारखा मुलगा दोन पेले चहापायी हातचा घालवू नकोस.

मला डॉक्टरीणबाईंनी होडीत पाऊल टाकायला मनाई केली आहे, त्यामुळे तुझ्या सुपारीला मी नसणार. याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही, नाहीतर कागद भिजेल. तू मात्र सगळं बारीकसारीक कळव. राग आला तर भांड, पण पत्र पाठवायचं थांबवू नकोस.
तुझी,
ताई


बा त्री, १९ मार्च १९९७

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझे सगळे उपाय केले. उकळलं, तर पाणी आटलं आणि खारटपणा वाढला. किटलीच्या बुडाला चुन्यासारखा पांढरा थर बसला तो वेगळाच. तुरटी फिरवली, तर पाणी आरशासारखं स्वच्छ झालं आणि होतं तसंच खारट राहिलं. लुआनने पिंपाची गाळणी इतक्या हौसेने केली की मी बाजूला उभी राहून वारा घातला. त्यातून निघालेलं पाणी त्याने ऐटीत तोंडात घेतलं आणि तसंच्या तसं अंगणात फवारलं. बदकंसुद्धा पळाली.

आणि ताई, रागावू नकोस, पण नळी खाली सोडल्यापासून तर आपल्या घरात समुद्रच आलाय.

बाबा आता विहिरीजवळ जाऊन बसतात. काल संध्याकाळी आईचं नाव घेऊन पुटपुटत होते की पोरीचं लग्न आहे, निदान आता तरी राग सोड. मी दाराआड उभी होते. मला राहवलं नाही, जाऊन त्यांच्या पाठीला डोकं टेकून बसले.

रांजणाचं म्हणशील तर ते माझ्याच्याने होणार नाही. मनात आलं नव्हतं असं नाही. पण लुआन इथे राहायला येणार, पहिल्याच सकाळी चूळ भरणार आणि त्याच्या मनात येणार की या पोरीने माझ्या आजीला फसवलं. मग मी आयुष्यभर त्याच्या तोंडाकडे कशी बघू? जे व्हायचं ते विहिरीच्या पाण्यानेच होऊ दे.

लुआन घरच्यांना घेऊन यायला परवा सा देकला गेला. जाताना उसनं हसत होता. त्यातच काल गावातला विजेचा डबा धडाड्कन उडाला, आठवडाभर तरी वीज नाही म्हणतात. पंप बंद. दुष्काळात तेरावा महिना! बाबांनी होडीचा एक आखूडसा दोर बादलीला बांधला आहे, वाकून वाकून कसंबसं पाणी काढतात.

मन थाऱ्यावर नाही, म्हणून अक्षर असं आलंय. माझ्यासाठी देवापुढे एक उदबत्ती लाव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
थाम


बा त्री, २६ मार्च १९९७

ताई! ताई! ताई!

सा. न. वगैरे सगळं आलं. फेस आला, फेस!

तीन दिवसांपूर्वी सकाळी न्हायला बसले. साबण लावला आणि डोक्यावर हा एवढा फेस! मला वाटलं साबणच वेगळा आहे. तशीच, डोळ्यांत फेस घेऊन, ओंजळीने पाणी प्यायले. गोड! अगं, आईच्या वेळचं पाणी! मी अशी किंचाळले की बाबा कोयता घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांनाही पाजलं. त्यांनी एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले की हिने राग सोडला गं.

मलाही तसंच वाटलं. पण त्याच दुपारी वीज आली. बाबांनी आनंदाच्या भरात पंप लावून सगळी पिंपं भरली, आणि संध्याकाळी पाणी पुन्हा खारट! बाबांचा चेहरा बघवेना. मी मात्र विचारात पडले. वीज नव्हती तेव्हा गोड, पंप लावला की खारट. मग आईचा राग कुठून आला?

आणि मग नारळाचं दूध काढताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दूध ठेवून दिलं की घट्ट साय वर येते, पाणचट खाली राहतं. आई ती साय पळीने हलकेच वरच्या वर काढायची. ढवळलं की सगळं एक झालंच. आपलं घर रेतीच्या उंचवट्यावर. पावसाचं गोड पाणी रेतीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बादलीने वरचं वरचं घेतलं तर गोड मिळतं. पंप खालून ओढतो, तो खारं वर आणतो. बाबांना सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून म्हणाले की तुझी आई मला रोज ओरडायची, बादली आपटू नका, विहीर ढवळू नका म्हणून. मला वाटायचं, ओरडायची तिला सवयच आहे!

पंप काढून ठेवलाय. विहिरीला आता विसावा देतोय आणि आखूड दोराने पाण्याला हात लावल्यासारखी बादली टेकवतोय. रोज चव घेते, रोज आदल्या दिवसापेक्षा बरी. लुआनला मुद्दाम काही कळवलं नाही, आल्यावर चकित करीन.

आनंद मावत नाहीये, थोडा तुझ्याकडे पाठवते. तू उलट टपाली माया पाठव.
तुझी,
थाम


मी थो, ३० मार्च १९९७

चि. थामला अनेक आशीर्वाद.

म्हणजे आईने नाही, मीच विहीर रुसवली की गं! पंप माझा, आणि वर नळी खोल सोडायची अक्कलही माझीच. कारखान्यातले सगळे मला दिवसभर हसत आहेत. शेवयांना पाणी घालताना विचारतात, वरचं घालू की खालचं? हसू देत. बाबा आता आईची समजूत काढत विहिरीशी बसणार नाहीत, यातच मला सगळं मिळालं.

पंप लुआनच्या दुकानात देऊन टाक, होडीतलं पाणी उपसायला होईल. आणि सुपारीच्या दिवशी लाल झगा घाल, मान खाली ठेव आणि तोंड बंद ठेव. तिन्ही जमणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

श्वास रोखून बसले आहे. या अवस्थेत ते बरं नाही, तेव्हा लवकर लिही, आणि या अडाणी ताईवरचा जीव कमी करू नकोस.
तुझी,
ताई


बा त्री, ७ एप्रिल १९९७

ती. सौ. ताईस थामचा आनंदाने सा. न. वि. वि.

सोड श्वास. सांगते सगळं.

पहाटेच पाणी काढलं, चहा केला. आजी म्हणजे मूठभर जीव, दात पान खाऊन काळे आणि नजर सुईसारखी. लाल झगा, खाली मान, बंद तोंड, तिन्ही जमवून मी पेला पुढे केला. तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली की चहा छान आहे, पण हे पाणी रांजणातलं नाही कशावरून? माझ्यासमोर काढा.

मी उठणार, एवढ्यात लुआन ताडकन उठला! सासरी भेट म्हणून तो नवी बादली आणि नवा कोरा नायलॉनचा दोर घेऊन आला होता, हा लांबच लांब. ताई, मी डोळे वटारले, बाबा खोकले, खोकून खोकून बिचारे लाल झाले. पण आजीने चहा छान म्हटल्यावर नवरदेवाला स्फुरण चढलेलं. त्याने बादली धाडकन तळाला सोडली, वर दोन हिसके देऊन घुसळली आणि छाती काढून पाणी घेऊन आला. सगळ्यांसमोर त्याचाच चहा करावा लागला.

आजीने घोट घेतला. तोंड चिंच खाल्ल्यासारखं केलं आणि पेला खाली ठेवला. तबकावरचा लाल रुमाल तिने पुन्हा नीट आवळून बांधायला घेतला. लुआनचा रंग उडाला.

मग मात्र माझी मान वर गेली आणि तोंडही उघडलं. झगा खोचला, सरळ विहिरीवर गेले, त्याने घुसळलेली बाजू टाळून, पलीकडे पाणी अजून शांत होतं तिथे, आपला आखूड दोर सोडला आणि वरचं पाणी अलगद घेतलं. चहाबिहा काही नाही, कच्चंच पाणी वाडग्यात घालून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले की आजी, हे प्या, आणि मग खुशाल जा.

ती प्यायली. थांबली. मग उरलेलं सगळं एका दमात प्यायली. वाडगा खाली ठेवून तिने लुआनला विचारलं की तू पाणी कसं काढलंस रे? तो म्हणाला, आपल्या घरी काढतो तसं. नदीचं वरचं पाणी काडीकचऱ्याचं आणि ऊन असतं, म्हणून खोल बुडवलं. म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की विहीर चांगली आहे, गाढव आमच्याकडचं आहे.

अंगणभर हशा पिकला. बाबा तर हसता हसता डोळे पुसायला लागले. आजीने तबक उघडलं, सुपारी कातरायची सुरी काढली, लुआनचा नवा दोर आपल्या आखूड दोराशेजारी धरून मापात कचकन कापला आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाली की पोराला सांभाळ, आणि तो चुकला की आज बोललीस तशीच बोल.

लग्न पावसाळ्याआधी. उरलेला दोर बराच लांब होता. आजीने विचारलं की घरात कोणाला दिवस गेले आहेत का. मी तुझं नाव सांगितलं. तो उरलेला दोर या पत्रासोबत बांधून पाठवला आहे, बाळाच्या झोळीला पुरेल म्हणाली.

आमचा दोर आता आखूड झाला, ताई. तुझा लोभ मात्र लांब असू दे.
तुझीच,
थाम