एकेचाळीस कोऱ्या ओळी

सोमवार, ४

आज सकाळी देवापुढे हात जोडले, डबा उचलला आणि नव्या कचेरीच्या पायरीवर वीस मिनिटं आधीच येऊन बसलो. पन्नाशीला टेकलात आणि पहिलीतल्या पोरासारखे निघालात, म्हणून बायको निघताना हसली होती.

काम मनाजोगं आहे. एक विमान वादळी ढगांतून फिरून येतं. त्यावरचं एक यंत्र ढगातले थेंब मोजतं, दुसरं ओझोन, तिसरं कार्बन डायऑक्साइड. प्रत्येकाचं घड्याळ निराळं. एका घरातल्या तीन जावाच. त्यांना एका तक्त्यात गुण्यागोविंदानं नांदवायचं, दर सेकंदाला एक ओळ. हीच माझी जुळणी. मोजमाप नसेल तिथे उणे ९९९९ लिहायचं. शून्य नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. उणे ९९९९ म्हणजे ठाऊक नाही. आमचे गावचे मास्तर म्हणायचे, येत नसेल तर पाटी कोरी दाखव, थापा लिहू नकोस. त्यांना हा आकडा आवडला असता.

बुधवार, ६

बाटलीवाल्याशी गट्टी जमली. तो विमानात बसून बाहेरची हवा बाटल्यांत भरतो. मी यंत्रांची लग्नं लावतो म्हणून त्यानं माझं नाव मध्यस्थकाका ठेवलं आहे.

मागच्या उड्डाणात, ढगाच्या ऐन पोटात, सगळी यंत्रं एकेचाळीस सेकंद गप्प होती. तेव्हा काय झालं, असं त्याला विचारलं. आधी म्हणाला, डुलकी लागली. मग बूट न्याहाळत म्हणाला, छाती आपली नव्हतीच काका, कुणीतरी वापरत होतं.

तक्त्यात तीस सेकंदांहून मोठी फट असली तर पुढचं उड्डाण होत नाही, असा नियम आहे. शुक्रवारी विमान पुन्हा तिथेच जायचं आहे. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, दोन टोकं सरळ रेघेनं जोडा, सगळे तेच करतात, तुम्ही काय जगावेगळे?

जोडली. पाटीवर थाप लिहिली.

गुरुवार, ७

सकाळी तक्ता उघडला. रेघ सरळ नाही. कार्बन डायऑक्साइड दोन सेकंद चढतो, दोन सेकंद उतरतो. परत चढतो. जमिनीपासून अकरा किलोमीटर वर, बर्फाच्या कणांत. यंत्राची मूळ नोंद पाहिली. ती कोरीच आहे.

बराच वेळ पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं. मी श्वास सोडला की आकडा चढतो. श्वास रोखला — सपाट.

एकेचाळीसच्या अठ्ठावन्न ओळी झाल्या आहेत. शेजारच्या चांगल्या ओळी खाऊन.

मॅडमना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, रेघ तर छान सरळ आहे, तुम्हाला धाप कसली लागली आहे?

शुक्रवार, ८. सकाळ

चहा देताना बायको म्हणाली, आजकाल घोरत नाही तुम्ही, बरं वाटलं. मग बघितलं तर श्वासच नाही. तिनं मोजलं होतं. अठ्ठावन्न सेकंद.

कचेरीत आल्याबरोबर सगळीकडे उणे ९९९९ लिहिलं. श्वास घेतला — पुन्हा भरलं. आता शहात्तर.

उड्डाण तीनला. बाटलीवाल्यानं फोन करून विचारलं, जमलं का लग्न, की मुलगी रुसली? त्याला धड हसता येत नव्हतं.

दुपारी १

कळलं. ते माझ्या श्वासानं लिहितं. मीच रेघ मारून दार उघडलं. आता तेल-वात मीच का घालू?

लिहून, तपासून, पाठवायला दीड मिनिट लागतं. तेवढा वेळ त्याला श्वास द्यायचा नाही. लहानपणी विहिरीत पडलेल्या कळश्या मीच काढायचो. काठावर मास्तर शंभर मोजायचे. देवाचं नाव घेऊन —

१.२०

साठाला श्वास सुटला. ओळी नव्वद. छाती आपोआप वरखाली होते आहे, मी न करता. होऊ दे. विहिरीचा तळ हातानं चाचपलेला माणूस आहे मी. तू कोण?

१.४५

दुसऱ्या बुडीत तक्ता पाठवला. एकशे चार ओळी, वरपासून खालपर्यंत उणे ९९९९. खाली माझी सही, आणि एक वाक्य — सरळ रेघ मी मारली होती, ती खोटी होती.

मॅडम दारात. म्हणतात, नोकरी गेली समजा. मान हलवली. बोलायला श्वास लागतो.

उड्डाण रद्द. खिडकीखाली बाटलीवाला हसतो आहे. मोकळा हसतो आहे, म्हणतो, काका, लग्न मोडलंत की —

हसतो आहे म्हणजे छाती त्याची त्याला —

मी अजून घेतलेला नाही. ओढतं आहे. आतून. देणार नाही. पाटी कोरी