टॅन नव्वदची रेघ

सर,

त्या रविवारी तुम्ही ओल्या फडक्यानं तुमचाच आलेख पुसलात, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण ते फडकं डोळ्यांसमोरून हलत नाही.

दोन्ही कॅलक्युलेटर बीडहून मीच पिशवीत घालून तलवाड्याला तुमच्या घरी आणले होते. त्या वर्षांत बाहेरचा माल चहूकडून यायला लागला होता. माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात रोज काहीतरी नवं उघडं पडायचं. पण आलेख काढणारा कॅलक्युलेटर आपण दोघांनीही पाहिला नव्हता. जपानी यंत्र शेजारच्या मेकॅनिकच्या भावानं सौदीहून आणलेलं, अमेरिकी तुमच्या पुतण्यानं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलेलं. तुम्ही गणिताच्या शिक्षकांपुढं दोन दिवस शिकवायला जाणार होतात, आणि तिथं कोणतं यंत्र दाखवायचं हे ठरवायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. दहावीनंतर वर्गात न बसलेल्या माणसावर! इंग्रजी मी माहितीपुस्तिका वाचून वाचून शिकलो होतो, आणि या दोन्ही मी अक्षर न सोडता वाचल्या. जपानी पातळ, वर सरकतं कडक झाकण, आत चपटे गोल सेल. साइन, कॉस, टॅनचे आलेख त्यात तयारच, बटण दाबलं की हजर. अमेरिकी जाड, चार पेन्सिल सेल खाणारं, पण त्यात किमतींचा तक्ता यायचा, आणि आलेखावरून ठिपका सरकवत नेला की खाली एक्स आणि वाय दिसत राहायचे. वेगात जपानी पुढं, पण बाकी सगळ्यात अमेरिकी. "सर, शिकवायला अमेरिकी बरं," मी म्हणालो. तुम्ही लगेच विचारलंत, "कावून?" हा तुमचा नेहमीचा प्रश्न. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचात, आणि कारण सांगता आलं नाही तर बरोबर उत्तरालाही शून्य. "तक्ता हाय त्यात. पोरांना आकडा आन रेघ दोन्ही दिसतंय." तुम्ही मान डोलावलीत. त्या मान डोलावण्यावर मी महिनाभर जगलो असतो.

स्वयंपाकघराच्या दाराच्या एका फळीला तुम्ही काळा रंग दिला होता, तोच आपला फळा. काकू चुलीपुढं भाकरी थापतायत, आणि तुम्ही उठून टॅनचा आलेख काढताय. गणित तुम्ही निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. वर चढत जाणारी रेघ नव्वद अंशांपाशी आली की हात उचलता, म्हणता, "इथं लामहदूद हाय, म्हंजे अनंत. इथं रेघ न्हाई," आणि पलीकडं अगदी खालून पुन्हा सुरू करता. शाळेत असताना एकदा मी ती दोन टोकं जोडली होती, तर तुम्ही माझ्या हातातून खडू काढून घेतला होता आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाला होतात, "जिथं काहीच न्हाई तिथं रस्ता बांधतो का बे?"

मग मी तोच आलेख अमेरिकी यंत्रावर काढला. ठिपके डावीकडून एकेक उमटत गेले, आणि नव्वदपाशी वरून खालपर्यंत सरळ उभी रेघ. जोडलेली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, यंत्र डोळ्यांजवळ नेलंत. "आवो, भाकरी वाळून चालली," काकू म्हणाल्या, "का आज बटणंच खाता?" कुणी हसलं नाही. आता तुम्ही त्या यंत्राची हजेरी घ्याल, म्हणून मी वाट पाहत होतो. तुम्ही फडकं पाण्यात बुडवलंत आणि दार पुसलंत. "अमेरिकेचं हाय त्ये. त्ये चुकंल का? मीच चुकीचं शिकवलं म्हणायचं इतकी वर्षं." आणि पाटावर बसून जेवायला लागलात. मी दोन्ही यंत्रं पुन्हा पिशवीत भरली.

बीडला परतलो आणि दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून टॅन काढला. जपानीवर रेघ नव्हती! तिथं फट होती, तुमच्यासारखीच. मग उलगडलं. पडद्यावर आडवे ठिपके मोजकेच असतात. यंत्र तेवढ्याच ठिकाणच्या किमती काढतं आणि शेजारच्या दोन ठिपक्यांना जोडत जातं. जपानीचा एक ठिपका नेमका नव्वदवर पडत होता. तिथं किंमत निघेना, म्हणून फट राहिली. अमेरिकीचा एक नव्वदच्या अलीकडं, दुसरा पलीकडं. नव्वदला त्यानं विचारलंच नाही, वरचं खालच्याला जोडून टाकलं. जोडणं बंद करून नुसते ठिपके ठेवले, तर त्याचीही रेघ गेली. तुमचं बरोबर होतं, सर. पहिल्यापासून बरोबर होतं.

मिळेल त्या एस.टी.नं मी तलवाड्याला आलो, सगळं दाखवलं. तुम्ही स्वतः बटणं दाबून खात्री करून घेतलीत. "बराबर हाय तुझं," म्हणालात. मी म्हटलं, मग शिक्षकांपुढं हेच दाखवा, दोन्ही शेजारी ठेवून. "मी न्हाई जात. कळवून टाकलं त्यांना." मी विचारलं, "कावून?" आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला ते विचारलं.

तुम्ही त्या काळ्या दाराकडं बोट दाखवलंत. "साइनला कॉसनं भागायचं, नव्वदला कॉस शून्य होतो, भाग जात न्हाई, हे पाठ हाय मला. आमच्या मास्तरांनी सांगितलं इथं हात उचलायचा, मी उचलला. तुमाला सांगितलं, तुमी उचलला. पण मला खरंच समजलं असतं, तर मी फडकं उचललं असतं का बे?"

मी हादरलो. तुम्ही दार पुसलंत तेव्हा हादरलो होतो, त्यापेक्षा जास्त. जन्मभर आम्हाला कारण विचारणारा माणूस असं बोलेल, यासाठी मी तयार नव्हतो. तुम्ही पुन्हा खडू हातात घेतला नाहीत; त्या दाराच्या खिळ्याला काकूंनी चाळणी अडकवली, आणि तुम्ही गेलात तेव्हाही ती तिथंच होती.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलोय की मला मात्र समजलंय. मी ते तासभर समजावून सांगू शकतो, आणि सांगतोही, न विचारता. परवा एका गिऱ्हाइकासाठी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर टॅनचा आलेख काढला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही: नव्वदपाशी हात उचलला गेला, तेव्हा डोक्यात ना शून्य होतं, ना ठिपके. कारण मागून आलं.