बोटीचं नाव हाच पासवर्ड

१२ जून २००७
आज बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर पहिल्याच दमात उघडला. पासवर्ड 'सोनमासा'. चेअरमन आबांची बोट. नाव बोटीवर हातभर अक्षरात रंगवलंय, अख्खं बंदर रोज वाचतं. आबा जेवायला गेलेले. सेक्रेटरी फर्नांडिस सर (शाळेत माझे गणिताचे, छडीवाले) दाढी करायला. सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर मोठी मुशी आणलेली, जबडा वासलेल्या शार्कचा फोटो. स्क्रीनभर लावली. खाली लिहिलं, 'चेअरमन खंय आसत?' आणि पळालो.

१४ जून
आबांनी जेटीवरच गाठलं. हसले नाहीत. बोटींची यादी उघडत नाही म्हणे. नाव, नंबर, मालक, सगळं त्यातच. लायसन्ससाठी हीच यादी मत्स्यखात्याच्या ऑफिसात द्यायची असते, पावसाळी बंदी संपून दर्या उघडायच्या आधी. नाही दिली तर बोटी वाळूतच.
"मुशी सोडलंस ती सोडलंस. यादी कित्याक खालंस, दिग्या?"
"आबानू, मुशी माझी. यादीक मी हात लावक नाय."
"तुझ्यावर कोण इश्वास ठेवतलो रे, मेल्या?"
मी जेटीवरून सटकलो.
त्या यादीत बाबांची होडी पण आहे.

१५ जून
स्वतःच गेलो. म्हटलं, मी नीट करतो. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "बारावी नापास, कणकवलीचो कॉम्प्युटर क्लास तीन म्हयन्यात सोडलंस. तू काय नीट करतलंस?"
आबा म्हणाले, बघूदे. जुलैअखेर मुदत. जमलं तर हा जुना कॉम्प्युटर नि येणारा नवा, दोन्ही कायमचे माझ्याकडे, पगारी. नाही जमलं तर सोसायटीच्या आवारात दिसायचं नाही.
करणारच.

१८ जून
कणकवली. लाज सोडून जुन्या क्लासच्या सरांकडे. त्यांनी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली, मासिकाबरोबर आलेली. फुकट, आतलं सगळं लिखाण कोणीही वाचू शकतो म्हणे. मी म्हटलं, मग चोर पण वाचेल.
ते म्हणाले, "घराचा नकाशा उघडा आहे, घर नाही. एक खिडकी चुकली तर शंभर जण बघून सांगतात."
"म्हणजे विंडोज बेकार?"
"असं कोणी सांगितलं? दहा हात फिरलेली सीडी तुम्ही घालायची, अपडेट कधी करायचं नाही, आणि शिव्या कंपनीला."
आमच्या सोसायटीत नेमकं तसंच. जुन्या मशीनवर आबांचा कोणी 'भावासारखो' आहे, त्याने घातलेली सीडी.

२० जून
लिनक्स नुसतं सीडीवरून चालवून बघितलं. व्हायरसने यादीचा फोल्डर लपवून ठेवलेला. विंडोजात दिसत नव्हता, इथे दिसला. यादी जिवंत! उघडली तर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या नि कंस. जुना मराठी फॉन्ट, लिनक्सला कळत नाही. असो. ते होईल.
मग सहज माझा पेनड्राइव्ह लावला. त्यात एक फाइल, मी न ठेवलेली, आपोआप सुरू होणारी. तारीख मुशीच्याच दिवशीची.
व्हायरस मीच आणला. कॅफेतून, मुशीबरोबर.
कोणाला माहीत नाही.

२१ जून
फर्नांडिस सरांना सांगितलं.
"तुका कोणी इचारल्यान?"
"नाय."
"मगे सांगूक कित्याक इलंस?"
पेनड्राइव्ह त्यांच्यासमोर धरला. सर म्हणाले, "आबांक मी सांगूचंय नाय. तूच सांग."
आबा जाळं शिवत होते. ऐकून सुई थांबवली. परत सुरू केली. "बरा झाला. दुसऱ्या कोणाचो असतो तर खंय शोधूचो?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ जून
यादी नव्या फॉन्टमध्ये नव्याने टाइप. विंडोजात जुन्या फॉन्टमध्ये छापून घेतलेल्या कागदावरून सर वाचतात, मी बडवतो. सर दर ओळीला माझं ऱ्हस्वदीर्घ सुधारतात. हातात छडी नाही एवढाच फरक. लाइट चार तास गायब, आत्ताशी कुठे 'ग'ची नावं.

६ जुलै
यादी झाली. जुन्या मशीनवर लिनक्स (यापुढे लि.) घातलं. नवं मशीन आलं, त्याच्याबरोबर विंडोज (वि.) विकतच आलंय, खरंखुरं. ते पण नीट केलं. अपडेट. रोजच्या कामाला कमी अधिकाराचं खातं. पेनड्राइव्ह आपोआप सुरू होणं बंद.
वि. ला प्रिंटर लगेच कळला. लि. ला पटवायला दोन दिवस.
मग माझा रोगट पेनड्राइव्ह दोघांत घातला. लि. ने ढुंकून बघितलं नाही. वि. ने पण नाही! मनातून चिडलो. मला लि. जिंकायला हवं होतं. सगळ्यांना तसं सांगून ठेवलेलं.

१३ जुलै
दोन्ही मशीनचे पासवर्ड आबांनी नि सरांनी स्वतः बदलले, मला बाहेर काढून. "आता उघडून दाखव," आबा म्हणाले. छाती फुगलेली.
किनाऱ्यावर गेलो. पावसासाठी शाकारलेल्या बोटींची माडाच्या झावळांची झापं एकेक उचलून नावं वाचली. कुत्रे मागे. परत येऊन आबांचं लि. तिसऱ्या प्रयत्नात उघडलं, त्यांच्या मेव्हण्याची बोट. सरांचं वि., पण त्यांची बोटच नाही, म्हणून जरा वेळ गेला. त्यांनी भावाच्या बोटीचं ठेवलेलं.
आबा रागावले. "बोटीचा नाव नाय ठेवचा तर कोणाचा ठेवचा? बोटीन पोसल्यान आमका."
खरंय ते. पण वि. असो नाहीतर लि., चावी आम्हीच तेलरंगात रंगवून किनाऱ्यावर उभी केलीय. एवढे दिवस मी दोघांची झुंज लावत बसलो.

१९ जुलै
नवीन नियम. पासवर्ड म्हणजे अख्खं वाक्य, आपल्यालाच माहीत असलेलं. आपली फजिती चालेल, बोट नको. सर पटकन तयार. आबांनी दहा मिनिटं एका बोटाने टाइप केलं, दुसऱ्या हाताने कीबोर्ड झाकून, मध्येच स्वतःशी हसत. मी भिंतीकडे तोंड केलं. जीव जात होता बघायला.

२४ जुलै
सरांनी यादी ऑफिसात दिली. घेतली. एक नाव परत नाही आलं.
आता माझं रविवारी ठरणार, कमिटीत. निम्मे म्हणतात, ज्याने कुलूप फोडलं त्यालाच राखण कशी द्यायची.
आबांनी बाजूला घेतलं. "सगळा बंद केलंस मा? तुका आत येवक दुसरी वाट नाय मा?"
"नाय."
खोटं. दोन्ही मशीनवर माझं एक चोरखातं आहे, बसवलं त्याच दिवशी केलेलं. वाईट बुद्धीने नाही. गणपतीत काहीतरी गंमत…

२७ जुलै
चोरखातं काढलं आणि त्यांनी मला नाही ठेवलं, तर कायमचा बाहेर. खातं तसंच ठेवलं तर कोणाला सापडणार नाही. सरांना तर नाहीच.
तेच खुपतंय. त्यांना शोधता येणार नाही, म्हणून तर त्यांनी मला विचारलं.

२८ जुलै
सकाळीच सरांना शेजारी बसवून दोन्ही खाती काढली. सांगितलं, मंगळवारी आबांशी खोटं बोललो. मग मीच त्यांना मुख्य पासवर्ड बदलायला लावले. त्यांनी बदलले, मी बाहेर उभा.
"आता?"
"आता तुमी नि आबा. तिसरो कोण नाय."
संध्याकाळी सरांसमोरच बसून मला येतात तेवढे सगळे डाव लावले. वि. नाही उघडलं. लि. नाही उघडलं. परत सगळं पहिल्यापासून. नाही.
सरांनी आबांना सांगितलंय की नाही, माहीत नाही. जाताना आबा वाटेत भेटले, म्हणाले, "उद्या धा वाजता हजर रव." चहा वाटायला की जबाब द्यायला, ते बोलले नाहीत.
शर्ट धुवून वाळत घातलाय. सकाळपर्यंत वाळेल का कोण जाणे.