चित्रातलं कुंकू

कोथरूड, मंगळवार संध्याकाळ

दादाला अमेरिकेतल्या नव्या घरात लावायला आईचं चित्र हवंय, जुन्या लघुचित्रांसारखं, एका बाजूनं दिसणारं. आज चेहरा संपवला आणि हाताच्या सवयीनं कपाळावर कुंकू काढून बसले. त्या शैलीतल्या बायकांना असतंच ना! पण बाबा गेल्यापासून आई लावत नाही, हे मी विसरलेच कशी?

पुसायला फडकं उचललं, तर आई मागेच उभी.

"एवढंसं कुंकू मी कधी लावलं होतं गं?"

म्हणजे काय? चिडली? की थट्टा? मी विचारलं, "पुसू का?"

ती पुन्हा खुर्चीत बसली, मान एका बाजूला वळवली आणि कपाळावरचे केस मागे सारले.

फडकं कुठे ठेवलं, आता आठवत नाही.